शेतातले खत-औषध विहिरीत उतरते, तेव्हा जबाबदार खाते कोणते?

कादवाकाठ (निफाड तालुका) – प्रश्न

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात (जि. नाशिक) कादवा नदीच्या काठी आमचे गाव आहे. दोन वर्षांपासून मी ग्रामपंचायतीची सदस्य असून गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे काम पाहते. गावाला ज्या विहिरीचे पाणी नळाने मिळते, तिच्या वरच्या अंगाला द्राक्षबागा आहेत आणि बाकी तीन बाजूंना रब्बीत कांदा असतो. आमची स्वतःची दीड एकर बाग त्याच वरच्या अंगाला आहे, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे, त्यात आमचाही वाटा आहे हे आधीच सांगते.

यंदाच्या पावसाळ्यात विहिरीजवळच्या चारीत उतरून पाहिले, तेव्हा तळाच्या दगडांवर निळसर थर बसलेला दिसला. तो मोरचुदाचा होता. बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी झाली की ड्रम आणि ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी चारीवरच विसळली जाते आणि ते पाणी विहिरीला वळसा घालून नदीला मिळते. खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की पाण्यावर हिरवी साय धरते आणि दिवाळीपर्यंत पानवेली काठाला लागतात. कांद्याला पाण्याआधी युरिया फेकला की पुढच्या दोन पाण्यांत त्यातला किती मुळांना लागतो आणि किती खाली उतरतो, याचा विचार मीही इतकी वर्षे केला नव्हता.

याबाबत मी तीन कार्यालयांत गेले. पहिल्या ठिकाणी सांगितले की त्यांचे काम पिकाचे आहे, पाण्याचे नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारले की सांडपाणी सोडणारा पाइप कुठे आहे ते दाखवा, म्हणजे कारवाई करता येईल. तिसऱ्या ठिकाणी टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर नियमित टाकण्याची सूचना मिळाली, जी आम्ही पाळतोच. कोणीही उद्धटपणे बोलले नाही, पण हे काम आपले आहे असेही कोणी म्हटले नाही. खतातला नत्र (नायट्रोजन) पाण्यात नायट्रेटच्या रूपात उतरतो; विहिरीच्या पाण्याच्या अहवालात त्या नायट्रेटसमोर १४ हा आकडा आहे. मर्यादा ४५ असल्याने पाणी चांगले आहे, असे आम्हाला सांगण्यात आले.

शेतातून वाहून किंवा झिरपून येणाऱ्या खत-औषधांवर नियंत्रण ठेवणे कायद्याने नेमके कोणाचे काम आहे? केंद्राचे, राज्याचे, जिल्हा परिषदेचे की आमचेच? आणि ग्रामपंचायत तिच्या हातात असलेल्या अधिकारांत काय करू शकते?

जुना भूवैज्ञानिक (नाशिक)

ताई, आपल्याला तीन ठिकाणी मिळालेली तीन उत्तरे हीच आपल्या कायद्याची खरी रचना आहे, त्यामुळे त्यात त्या कर्मचाऱ्यांचा दोष फारसा नाही. मी भूजलाच्या कामात उमेदीची सगळी वर्षे घालवली आणि हा प्रश्न मला प्रत्येक तालुक्यात विचारला गेला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये आला. पाणी हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे राज्यांच्या ठरावांचा आधार घेऊन संसदेने तो केला आणि त्याची अंमलबजावणी आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. या कायद्याचा सारा गाडा संमतीपत्रावर चालतो. कारखाना, नगरपालिका किंवा हॉटेल ज्या तोंडातून सांडपाणी सोडते, त्या तोंडासाठी मंडळाची संमती लागते, तिथे नमुना घेता येतो आणि मर्यादा ओलांडली तर नोटीस काढता येते. शेताला असे तोंडच नाही. शंभर बांधांवरून थोडे थोडे पाणी येते, काही वरून वाहते, काही जमिनीतून झिरपते आणि ते विहिरीत पोचेपर्यंत कोणाच्या वावरातले किती, हे कोणालाही सांगता येत नाही. कलम २४ प्रमाणे कोणत्याही व्यक्तीने जाणूनबुजून ओढ्यात, नदीत किंवा विहिरीत विषारी द्रव्य जाऊ देण्याला मनाईच आहे आणि त्यातून शेतकरी वगळलेला नाही. परंतु पिकाला युरिया देणारा माणूस ‘जाणूनबुजून’ विहीर दूषित करतो, असे कोणते न्यायालय मानेल? ड्रम चारीत विसळणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे कृती डोळ्यांदेखत घडते.

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानेही शेतातून वाहणारे पावसाचे आणि सिंचनाचे परतीचे पाणी परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. युरोपने १९९१ मध्ये नायट्रेटसाठी स्वतंत्र निर्देश काढला. ज्या पट्ट्यांतील भूजलाला धोका आहे ते पट्टे आधी जाहीर करायचे आणि तिथे शेणखताचा नत्र हेक्टरी १७० किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी त्याची पद्धत आहे. नायट्रेटसाठी असे पट्टे जाहीर करण्याचा कायदा आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

आता खताकडे येतो, कारण मूळ तिथे आहे. खताचा दर्जा आणि विक्री १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने चालते, जो केंद्राचा आहे. युरियाची किंमत केंद्र ठरवते, म्हणून ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशयुक्त (पोटॅशच्या) खतांना २०१० पासून पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झाले, त्यातून युरिया बाहेर राहिला. शेजारी ५० किलोच्या डीएपीची (स्फुरद असलेल्या खताची) गोणी १,३५० रुपयांना असताना शेतकऱ्याचा हात कोणत्या गोणीकडे जाणार, हे दिल्लीतच ठरून येते. केंद्राने काही उपायही केले. २०१५ मध्ये सर्व युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले, ज्यामुळे नत्र सावकाश सुटतो. त्याच वर्षी मृद आरोग्य पत्रिका आली. २०२३ च्या पीएम-प्रणाम योजनेत राज्याने रासायनिक खताचा वापर घटवला, तर वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा राज्याला परत मिळण्याची तरतूद केली गेली. पण हे सगळे खताच्या बाजूने आखलेले आहे. विहिरीतल्या पाण्यात फरक पडला की नाही, याची नोंद यातले काहीच मागत नाही.

कीटकनाशकांचेही तसेच. १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी केंद्रीय समिती करते, विक्रीचे परवाने आणि निरीक्षक राज्याच्या कृषी विभागाचे असतात. १९७१ च्या नियमांत रिकामी वेष्टने व धुण्याचे पाणी यांची विल्हेवाट पर्यावरण किंवा पाणी दूषित होणार नाही अशी लावावी, असे स्पष्ट आहे. आपल्या चारीतल्या निळ्या थरासाठी हा नियम हाताशी ठेवा.

राज्याकडे आणखी दोन कायदे आहेत ज्यांची आठवण कमी काढली जाते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात पाण्याची गुणवत्ता राखताना जो प्रदूषण करतो त्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व नमूद आहे. भूजलाच्या २००९ च्या कायद्याने त्याच प्राधिकरणाला राज्याचे भूजल प्राधिकरण नेमले आणि भूजलाची गुणवत्ता जपणे हा त्या कायद्याच्या हेतूंपैकी एक आहे. म्हणजे कागदावर पालक आहे. तो पालक गावाच्या विहिरीपर्यंत पोचत नाही, ही माझी खंत आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. नायट्रेट शेतातूनच येतो असे नाही. विहिरीजवळचे शोषखड्डे आणि उकिरडेही तो देतात. अहवालात क्लोराइड वाढलेले असेल आणि जिवाणूही सापडत असतील, तर आधी वस्तीकडे पाहा.

द्राक्षबागायतदार (दिंडोरी)

सरांचे लिहिणे पटले, पण शेतकरी म्हणून एक बाजू मांडतो.

ज्यांनी २०१० चा हंगाम पाहिला आहे त्यांना आठवत असेल. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅटचा (वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा) अंश सापडला आणि कंटेनर अडकले. त्या वर्षी आमच्या भागात ज्यांनी कर्ज काढून बागा उभ्या केल्या होत्या, त्यांचे हाल मी जवळून पाहिले. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद कृषी खात्याकडे होते, ग्रेपनेटमध्ये (निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदवहीत) ती दिसते, कोणते औषध कोणत्या तारखेला मारले याची वही ठेवावी लागते, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले अंतर) पाळावा लागतो आणि मणी तोडायच्या आधी नमुना प्रयोगशाळेत जातो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आम्ही भिंतीवर लावतो. हे सर्व केंद्र, राज्य आणि शेतकरी यांनी मिळून उभे केले, आणि आम्ही ते पाळतो, कारण माल परत आला तर वर्ष बुडते.

माझे म्हणणे इतकेच आहे की हीच यंत्रणा, हेच कृषी अधिकारी आणि हीच वही असताना विहिरीच्या पाण्यातला औषधांचा अंश शोधायला असा एकही नमुना घेतला जात नाही. मण्यातला अंश आपण फार काटेकोरपणे शोधतो आणि त्याच बागेच्या बांधाखालची विहीर, जिचे पाणी आपली लेकरे पितात, ती कोणाच्या यादीत नसते. यात बदल करायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. निर्यातनोंदणीच्या वेळी बागेजवळच्या पाण्याच्या स्रोताचा एक अहवाल जोडायला सांगितला, तर आम्ही जोडू.

दुसरे असे की बागेत आता ठिबक आहे, विद्राव्य खत व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढणाऱ्या जोडणीतून) मोजून जाते, त्यामुळे तिथे नासाडी तुलनेने कमी होते. मोकळ्या पाण्यावरच्या कांद्यात युरिया फेकतात तिथे ती जास्त होते. युरियाचे तीन हप्ते केले आणि पाणी सरीच्या टोकाला साचेपर्यंत चालू ठेवले नाही, तरी पुष्कळ फरक पडतो. पण हे सांगायला माणूस बांधावर यावा लागतो, आणि एका कृषी कर्मचाऱ्याकडे किती गावे असतात ते आपण सगळे जाणतो.

ताई, आणखी एक सुचवतो. आमच्याकडे वाघाडच्या कालव्यावर पाणीवापर संस्था कित्येक वर्षे पाणीवाटप स्वतः करतात, आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने अशा संस्थांना कायदेशीर अधिकार दिलेले आहेत. ज्या सभेत पाण्याची पाळी ठरते, त्याच सभेत चारीवर ड्रम विसळायचा नाही, ही अटही ठरू शकते. संस्थेच्या सभासदाला संस्थेचा शब्द मोडणे जड जाते, हा माझा अनुभव आहे. सरकारी नोटिशीने जे होणार नाही ते तिथे होते.

पाणीतपासणी (नाशिकरोड)

मी पाण्याच्या तपासणीचे काम करते, म्हणून फक्त अहवालाबद्दल लिहिते, आणि ताईंनी हे आजच पाहावे अशी कळकळीची विनंती आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही. मात्र ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. काही प्रयोगशाळा तोच निकाल ‘नायट्रेट नायट्रोजन’ किंवा ‘एन म्हणून’ असा देतात, म्हणजे केवळ त्यातल्या नत्राचे वजन. तसे असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते. आपल्या अहवालात १४ समोर नेमके काय लिहिले आहे? नत्र म्हणून १४ असेल, तर नायट्रेट सुमारे ६२ होतो, आणि ते पाणी मर्यादेच्या बरेच वर आहे.

हे तपासेपर्यंत एक काळजी घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला या पाण्यात कालवलेले वरचे दूध देऊ नका. नायट्रेट बाळाच्या पोटात नायट्राइट होतो, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो आणि ओठ-नखे निळसर पडतात. पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटते, नायट्रेट तसाच राहतो, म्हणजे प्रमाण उलट वाढते. टीसीएलने आणि कँडलच्या फिल्टरनेही तो जात नाही. आरओने कमी होतो.

जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे असते. त्या संचाने नायट्रेटचा अंदाज येतो, कीटकनाशके मात्र त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी मोठे उपकरण असलेली प्रयोगशाळाच लागते आणि कोणते औषध शोधायचे ते आधी सांगावे लागते. इथे वर लिहिणाऱ्या दादांची फवारणीची वही कामाला येईल. गावातील चार बागांच्या वह्या गोळा करून सर्वांत जास्त वापरलेल्या पाच औषधांची नावे दिलीत, तर तपासणीचा खर्चही आटोक्यात राहील.

कादवाकाठ (निफाड तालुका)

ताई, अहवाल पुन्हा काढून पाहिला. आकड्यासमोर बारीक अक्षरांत ‘एन म्हणून’ असेच छापलेले आहे. आम्ही सहा जणांनी तो कागद वाचला होता आणि आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आले नाही. काल संध्याकाळीच आशाताईंना घेऊन गावातील तान्ह्या बाळांच्या घरी गेले आणि बाळाच्या दुधासाठी पाणी आरओ केंद्रावरून आणायला सांगितले. एका घरी आजी म्हणाल्या की पाणी तर आम्ही उकळूनच देतो. उकळल्याने हे जात नाही, उलट वाढते, ते त्यांना समजावून सांगितले.

जिवाणू तपासणीत विहीर स्वच्छ आहे आणि क्लोराइडही जास्त नाही, त्यामुळे सरांनी सांगितले तसे पाहता रोख वस्तीपेक्षा शेताकडे जातो असे वाटते. आता कोणाला काय लिहावे, हे कृपया सांगा.

पक्षीनिरीक्षक (नांदूरमध्यमेश्वर परिसर)

चर्चा विहिरीची आहे, पण कादवेचे पाणी पुढे कुठे जाते ते सांगण्यासाठी लिहितो. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथला नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला. वरच्या शेतांतली माती गाळ म्हणून इथे येते आणि मातीच्या कणांना चिकटून स्फुरदही येतो. शहराचे सांडपाणी गोदावरीतून येते ते वेगळेच. या दोन्हींच्या जोरावर पानवेली पसरतात. पाणथळांच्या २०१७ च्या नियमांनुसार राज्यात पाणथळ प्राधिकरण आहे. आपल्या पत्राची एक प्रत त्यांच्याकडेही जावी. सिंहस्थ २०२७ च्या निमित्ताने गोदावरीच्या शुद्धीवर चर्चा चालू आहे आणि ती जवळपास सगळी शहराच्या नाल्यांबद्दल आहे. कादवा, बाणगंगा आणि दारणा यांच्या काठच्या शेतांबद्दल तिथे कोणी बोलत नाही.

जुना भूवैज्ञानिक (नाशिक)

ताई, ६२ हा आकडा दिसल्यावर क्रम बदलतो. पहिले पत्र पिण्याच्या पाण्यासाठी, शेतीसाठी नव्हे. ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेला लिहा, फेरतपासणी मागा आणि निकाल दोन्ही एककांत मागा. निकाल पुन्हा तसाच आला, तर पर्यायी स्रोत मागण्याचा आपला हक्क पक्का होतो.

दुसरे पत्र तालुका कृषी अधिकाऱ्यांना. त्यात तक्रारीचा सूर ठेवू नका. विहिरीच्या वरच्या अंगाच्या गट क्रमांकांची यादी द्या आणि त्या गटांची माती तपासून खतांच्या मात्रा ठरवून द्याव्यात, अशी ठोस मागणी करा. तिसरी प्रत प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या. ते कारवाई करणार नाहीत, परंतु कादवेवरचे नमुने ते घेत असतील, तर त्यांत नायट्रेट किती येतो, ही माहिती माहिती अधिकारात मागता येते आणि ती आपल्याला लागेल.

कलम २४ चा उल्लेख कोणत्याही पत्रात करू नका. गावात भाऊबंदकी असते. एकाने दुसऱ्याविरुद्ध ते कलम वापरले, तर पाण्याचा प्रश्न बाजूला पडेल आणि बांधाचा वाद सुरू होईल.

द्राक्षबागायतदार (दिंडोरी)

सरांचा शेवटचा सल्ला सर्वांत मोलाचा आहे.

ताई, ड्रमसाठी आम्ही काय केले ते लिहितो. विहीर आणि चारी या दोन्हींपासून दूर, बागेच्या कडेला उंच जागी, सिमेंटचा लहान ओटा केला आणि त्याला चारी बाजूंनी वीतभर काठ ठेवला. औषध तिथेच कालवायचे, डबा तीन वेळा विसळायचा आणि विसळलेले पाणी टाकीतच ओतून बागेवर मारायचे. त्यामुळे औषधही वाया जात नाही. चार शेजाऱ्यांनी मिळून एक ओटा केला, तर खर्च कोणालाच जड जात नाही.

पाणीतपासणीच्या ताईंना एक विचारायचे आहे. कांद्याची लागवड आता तोंडावर आहे. फेरतपासणीचा एक नमुना पहिला युरिया पडण्याआधी आणि दुसरा त्यानंतरच्या दोन पाण्यांनंतर घेतला, तर शेताचा वाटा किती हे त्यातून दिसेल का?

पाणीतपासणी (नाशिकरोड)

काही प्रमाणात दिसेल. झिरपायला वेळ लागतो, त्यामुळे दुसरा नमुना दोन पाण्यांनंतर घ्याच, पण तिसरा महिन्याभराने आणि चौथा मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर घ्या. चारही वेळा पंप किमान दहा मिनिटे चालवून मग बाटली भरा, बाटली त्याच पाण्याने आधी विसळा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर तारखेसोबत त्या आठवड्यात आजूबाजूला कोणत्या वावरात किती युरिया पडला, तेही लिहून ठेवा.